सेनापतीच्या छातीचं माप

वाचनालयात पहिल्यांदा येणारा माणूस मी लांबून ओळखते. तो दारात घुटमळतो, कारण नसताना आवाज खाली आणतो आणि कपाटांकडे असा बघतो की जणू त्यातलं एखादं अंगावर पडणार आहे. मास्तरांनी यातलं काहीच केलं नाही. ते सरळ आत आले, माझ्या टेबलावरचं जाडजूड पुस्तक उचललं, एक पान अंगठा आणि बोटात धरून चोळलं, उजेडाकडे करून पाहिलं आणि म्हणाले, "माल चांगला आहे. वाचून कधी होतं?"

"ते तुमच्यावर आहे," मी म्हटलं.

"असं नको, बाई. मी गिऱ्हाइकाला असं सांगितलं तर ते दुसरं दुकान बघेल."

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. आमच्या वाचनालयासमोर रस्ता ओलांडला की त्यांचं शिवणाचं दुकान. शिंप्याला सगळे मास्तर म्हणतात, तसं आम्हीही म्हणायचो. हाताला चव म्हणावी तसं त्यांच्या कात्रीला काहीतरी होतं. त्यांनी शिवलेला कोट घातला की खांदे पडलेला माणूससुद्धा ताठ चालायचा. त्यांचा स्वतःचा शर्ट मात्र बघवत नसे. खांद्यावरून ओघळलेला, बाह्या थेट बोटांपर्यंत, कॉलरमध्ये आणखी एक मान मावेल एवढी जागा. मला मनात ठेवता येत नाही. मी तोंडावर म्हटलं, "मास्तर, शिंप्याने असा शर्ट घालू नये." ते म्हणाले, "घरचं काम, बाई. घरचं शेवटी होतं."

त्यांच्या दुकानाचे दोन नियम सगळ्या रस्त्याला पाठ होते. पहिला भिंतीवर रंगवलेला होता: ट्रायलशिवाय माल बाहेर जाणार नाही. तुम्ही घाईत असा, तापाने फणफणलेले असा, कच्च्या टाक्यांतला कपडा चढवून आरशासमोर उभं राहिल्याशिवाय सुटका नव्हती. दुसरा नियम कुठे लिहिलेला नव्हता. ट्रायल कधी, असं विचारलं की मास्तर मान वर न करता म्हणायचे, "परवा." सोमवारी विचारा, परवा. बुधवारी विचारा, परवा. एक गृहस्थ बाहेरगावाहून आला असताना इथे पँट शिवायला टाकून बसला, आणि परवाची वाट बघता बघता त्याने याच रस्त्यावर खोली घेतली, विम्याची एजन्सी सुरू केली आणि आमच्यातलाच होऊन गेला. पँट अजून मिळाली नव्हती. तो रोज येऊन दुकानाच्या बाकावर बसायचा, पण आता पँटसाठी नाही, सवय म्हणून.

मास्तरांना एकच लेक. ती या दुकानातच वाढली, ताग्यांवर झोपली, बटणांच्या डब्यावर आकडे शिकली. पुढे शिकत शिकत लांबच्या शहरात गेली आणि तिथल्या कॉलेजात साहित्य शिकवू लागली. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. मास्तरीणबाई होत्या तोवर मास्तरांचं काम सोपं होतं. फोन उचलायचा, "आईला देतो" म्हणायचं आणि कात्रीकडे वळायचं. मग मास्तरीणबाई गेल्या आणि फोन मास्तरांच्याच हातात राहिला.

हातात म्हणजे टेबलावर, कारण हात कायम कामात. त्यामुळे स्पीकर चालू. मी मुद्दाम ऐकत नसे. रस्ता अरुंद आणि लेकीचा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा, त्याला मी काय करणार? "बाबा, जेवलास?" "जेवलो. तू?" "जेवले." मग शिलाई मशीनचा आवाज. मग पुन्हा थोडं मशीन. मग "बरं, ठेवते."

एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, मी तुला एक यादी पाठवते. जगातली गाजलेली जुनी पुस्तकं आहेत. एकेक वाच, मग आपण त्यावर बोलू. नाहीतर आपण दोघं काय बोलणार रे?"

ती हे प्रेमानेच म्हणाली होती. पण मशीन थांबलं ते बराच वेळ थांबलं.

यादी आली ती चांगली हातभर लांब. मास्तरांनी ती ट्रायलच्या पडद्याआड आरशाशेजारी चिकटवली, त्यामुळे अर्धी पँट चढवलेली माणसं एका पायावर उभी राहून जगातल्या थोर साहित्याची नावं वाचू लागली. मला मास्तर म्हणाले, "बाई, ही संपली की पोरीशी बोलायला आयुष्यभर पुरेल. नाही संपली तर ती एक दिवस फोन करायची बंद होईल. तिचा दोष नाही. मुक्या माणसाला कोण फोन करतं?" एवढं बोलून त्यांनी यादीतलं पहिलं पुस्तक मागितलं. आमच्याकडे त्याचं भाषांतर होतं. ते त्यांनी दोन्ही हातांनी तोललं आणि काखेत मारून गेले.

ती एका सेनापतीची गोष्ट होती. तो पुस्तकभर हरतो. पहिल्या पानावर एक लढाई हरलेला असतो, शेवटच्या पानावर पुढची हरायला निघालेला असतो, आणि मधल्या वेळात बर्फातून माघार घेतो. मास्तरांनी ते कापायच्या टेबलावर उभ्याने वाचलं, पानावर वजन म्हणून इस्त्री ठेवून. परत आलं तेव्हा समासांत खडूच्या खुणा होत्या आणि मधल्या प्रकरणात दोन टाचण्या.

माझा पारा चढला. "पुस्तकात खडू, मास्तर?"

"माप शोधत होतो."

"कशाचं?"

"सेनापतीच्या छातीचं. बघा ना, एवढा मोठा ग्रंथ. त्याच्या घोड्याचा रंग आहे, त्याच्या काकूचा स्वभाव आहे, त्याला काय वाटलं हे तर पानोपानी आहे. छाती किती, ते कुठेच नाही. हा लेखक माझ्याकडे कामाला असता तर मी त्याला काज करायलाही बसवलं नसतं."

पुस्तक असं वाचत नाहीत, असं मी त्यांना सुनावलं. मग कसं वाचतात, त्यांनी अगदी मनापासून विचारलं. ते मला पटकन सांगता येईना, म्हणून मी आणखीच चिडले. तोवर मास्तरांनी माप काढलंही होतं. एका ठिकाणी सेनापती किल्ल्याच्या दिंडी दरवाजातून आडवा होऊन बाहेर पडतो. दुसरीकडे त्याचा नोकर त्याचा कोट घालून बघतो तर बाह्या गुडघ्याला लागतात. एवढ्यावरून मास्तरांनी खांदा, छाती, बाही, सगळं कागदावर मांडलं होतं. नोकर बुटका होता हे त्यांनी वेगळं धरलं होतं.

रविवारी हे सगळं त्यांनी फोनवर लेकीला ऐकवलं. ती आधी हसली आणि मग भांडायलाच लागली. "बाबा, तो माणूस आतून मोडलाय. पुस्तक त्याबद्दल आहे, कोटाबद्दल नाही."

"मोडला असेल. उंची तेवढीच राहते."

"राहत नाही. पराभवाने माणूस खचतो."

"खचला तर पाठीला बाक येतो. मग कोटाची मागची उंची वाढवून घ्यावी लागते. कुठल्या पानावर खचला ते सांग."

लेक पान शोधायला गेली. सापडलं. मास्तरांना ते पटलं नाही, त्यांच्या मते तो तिथे फक्त दमला होता, खचला पुढे नदीपाशी. चहावर साय धरली, बाकावर गिऱ्हाइकं ताटकळली, विमा एजंटाने सेनापतीची बाजू घेतली आणि त्याला कोणी विचारलं नाही. फोन संपल्यावर मास्तरांनी टेप स्वच्छ असतानाही फडक्याने पुसून ठेवली. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि मी खिडकी लावून घ्यायचं विसरून गेले होते.

पण फोन ठेवताना लेकीने एक चूक केली. तिने विचारलं, "बाबा, तो तुझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला का?"

"ट्रायलशिवाय कसा राहील?" मास्तर म्हणाले, आणि त्याच दिवशी त्यांनी करडं कापड काढलं.

सेनापतीचा कोट कच्च्या टाक्यांत तयार झाला. आता त्याच मापाचा जिवंत माणूस हवा होता. मास्तर पायरीवर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे खांदे निरखू लागले. लोक अंग चोरून जायला लागले. शेवटी माणूस सापडला तो मागे बाकावरच. विमा एजंट कोट घालून आरशासमोर उभा राहिला आणि कोट असा बसला की मास्तरांना टाचणीसुद्धा लावावी लागली नाही.

हा एजंट आधी कसा होता ते सांगायला हवं. एकदा घरात शिरला की सही घेतल्याशिवाय हलायचा नाही. लोक त्याला बघून दिवे मालवायचे. कोट घातल्यापासून तो दार उघडून कोणी "नको" म्हटलं की टाचा जुळवायचा, कागद गोळा करायचा आणि पाठ न दाखवता जिन्यावरून उलटा उतरत जायचा. इतकी शिस्तशीर माघार बघून लोकांना भरून यायचं. ते गॅलरीतून हाका मारून त्याला परत बोलवायचे आणि पॉलिसी घ्यायचे. कोट काढून द्या, असं मास्तर म्हणाले की तो म्हणायचा, "ट्रायल कुठे संपलीय अजून? परवा देतो."

दुसरं पुस्तक एका न्यायाधीशाचं. त्याचा घोडा त्याला खड्ड्यात पाडतो, म्हणून तो स्वतःच्याच घोड्यावर खटला भरतो. वर्षानुवर्षं खटला चालतो आणि अखेर घोडा निर्दोष सुटतो. त्याचा काळा, भरपूर घेराचा झगा बरोबर बसला कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला. तो ट्रायलला म्हणून गेला आणि झगा घालूनच दुकानात परतला. त्यानंतर त्याच्याकडून औषध घेणं म्हणजे दिव्यच झालं. "खोकला कधीपासून? आठवून, खरं काय ते सांगायचं." मी डोकेदुखीची गोळी मागायला गेले तर म्हणाला, डोकं दुखताना तुम्हाला पाहिलेला साक्षीदार आणा. मी एजंटाला घेऊन गेले. त्याने साक्ष दिली आणि उलटतपासणीत माघार घेतली. मी तशीच ठणकत्या डोक्याने परत आले.

यादी अशी पुढे सरकत होती आणि रविवारचे फोन लांबत होते. न्यायाधीशावरून बापलेकीत अबोला धरण्यापर्यंत वेळ आली, कारण घोडा दोषी आहे असं मास्तरांचं ठाम मत होतं. जेवलास का, हे विचारायला आता लेकीला वेळच मिळत नसे.

मग माझी पाळी आली. पुढच्या पुस्तकात एक बाई होती. तिचा नवरा दिव्यासाठी तेल आणायला म्हणून संध्याकाळी बाहेर पडतो आणि परत येत नाही. ती खिडकीत बसून राहते, म्हातारी होते, पुस्तक संपतं. मास्तर टेप गळ्यात घालून माझ्या टेबलासमोर उभे राहिले. "बाई, तुमचा खांदा तोच आहे."

"मी खिडकीत बसणारी बाई नाही," मी म्हटलं.

"मग माझे फोन तुम्हाला ऐकू कसे येतात?"

मी गेले. राखाडी रंगाचा, उंच कॉलरचा लांब झगा होता. कोणी माझी वाट बघत नाही, मीही कोणाची बघत नाही, आणि त्यात आनंद आहे, असं मी लोकांना सांगत आलेय. तो झगा अंगात गेला, आरशात मी मला दिसले आणि मला रडूच आलं. इतका नेमका तो बसला होता. मी तो काढून दिला नाही. वाचनालयात घालून बसू लागले. वाचक आपोआप हळू बोलायला लागले, तेवढा एक फायदा झाला. झग्याच्या आत डाव्या बाजूला एक एवढासा खिसा होता. त्यात रुमालही मावत नव्हता. तो कशासाठी ते मी विचारलं नाही.

आता हे किती दिवस निभावणार होतं? एका रविवारी आम्ही तिघंही दुकानात होतो आणि चालताना पायात येतो म्हणून माझा झगा खालून आखूड करायला टाचण्या लावलेल्या होत्या. फोन आला. मागून आवाज ऐकून लेक म्हणाली, "बाबा, कोण आहे तिथे?"

मास्तर अभिमानाने म्हणाले, "सगळे आहेत. सेनापती आहेत, न्यायाधीश आहेत, तेलाला गेलेल्याची बायको आहे. बोल त्यांच्याशी."

औषधवाल्याने फोनकडे वाकून तिला बजावलं की जे बोलायचं ते शपथेवर बोलायचं.

मग ती बोलली, आणि तो वर्गातला आवाज नव्हता. "बाबा, तू माझी थट्टा करतोयस का? मी इथे सगळ्यांना सांगते की माझे वडील या वयात यादी घेऊन वाचतायत. तू वाचलंच नाहीस काही. तू मापं घेतलीस फक्त. एवढ्या पुस्तकांत एकाचं तरी दुःख तुला दिसलं का?"

मास्तरांनी तोंड उघडलं. काहीतरी सांगायचं होतं त्यांना, ते दिसत होतं.

"राहू दे बाबा. यादी राहू दे," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

एजंट टाचा जुळवून मागे मागे सरकत रस्त्यावर गेला. औषधवाला "निकाल राखून ठेवतो" असं काहीतरी पुटपुटत निघाला. मला जाता येईना, टाचण्या लावलेल्या होत्या. मास्तर खाली बसून एकेक टाचणी काढत राहिले. मला त्या पोरीचा राग आला, आणि तिचंही काही चुकलं नव्हतं याचा जास्त राग आला.

पुढच्या रविवारी फोन वाजला. मास्तरांनी तो वाजू दिला. त्याच्या पुढच्या रविवारीही. मी खिडकीतून ओरडले, "मास्तर, फोन!" तर म्हणाले, "उचलून बोलू काय? यादीत एकच राहिलंय. ते संपवतो आणि मग उचलतो."

ते शेवटचं पुस्तक अगदी बारीक होतं. त्यासाठी ते पहिल्यांदाच वाचनालयात बसून वाचू लागले, खडू न घेता, ओठ हलवत. वाचून झालं की पहिल्या पानापासून पुन्हा. घरी घेऊन गेले, तिथेही तेच. पुस्तकात फारसं काही घडत नाही. एक म्हातारा भाड्याच्या खोलीत बसून त्या खोलीतून निघून गेलेल्यांच्या गोष्टी सांगतो. बस.

"बाई, यात माप नाही," एक दिवस ते म्हणाले.

"माप कशातच नसतं. तुम्ही ओढूनताणून काढता."

"यात निघतही नाही. गेलेल्यांची सगळ्यांची आहेत. भावाचे बूट आहेत, बायकोची शाल आहे, मुलगी जाताना तिचा फ्रॉक दाराच्या खिळ्याला अडकला, त्याची उंचीसुद्धा कळते. सांगणारा स्वतः कसा आहे, त्याचा एक शब्द नाही. आरशात बघत नाही. कोणी त्याला हाक मारत नाही."

"मग नका शिवू त्याचा कोट."

"शिवल्याशिवाय संपलं असं कसं म्हणू? आणि संपल्याशिवाय फोन कसा उचलू?"

इथे सगळं घोडं अडलं. दुकानातली कामं पडून राहिली. मास्तर परवासुद्धा म्हणेनासे झाले. कोणी ट्रायलचं विचारलं की नुसती मान हलवायचे. रविवारी फोन वाजायचा आणि ते पुस्तकात डोकं घालून बसायचे. मला भीती वाटायला लागली. मी काही त्यांची कोणी नव्हे. पण ग्रंथपाल तर होते. पुस्तकाची मुदत संपून गेली होती आणि जामीन म्हणून लेकीचा नंबर माझ्याकडे होता. मी तिला फोन लावला आणि मुद्दाम कडक आवाजात म्हटलं, "तुमच्या वडिलांकडे आमचं पुस्तक अडकलंय. जामीन तुम्ही आहात. येऊन सोडवून द्या."

"ते फोन का उचलत नाहीत?" तिने विचारलं. तिचा आवाज लहान झाला होता.

"सांगितलं ना, पुस्तक अडकलंय."

"मी येते," ती म्हणाली.

ती आली ती खांद्यावर एक बॅग घेऊन, दुसऱ्या दिवशीच्या गाडीचं तिकीट आधीच काढून. मी पुस्तक मागायच्या निमित्ताने तिच्या मागोमाग गेले. एजंट आणि औषधवाला बाकावर होतेच. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, इस्त्री उचलली, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "जेवलीस?"

"जेवले," ती म्हणाली. बॅग खांद्यावरच होती.

मग मशीनही चालू नव्हतं, त्यामुळे शांतता फारच ऐकू आली. ती आम्हा तिघांच्या अंगावरचे कपडे बघत राहिली. एजंट उठून उभा राहिला, सवयीने पाठ न दाखवता. तिने त्याला खांद्याला धरून फिरवलं आणि कोटाच्या पाठीवरून हात नेला. "हे मागे कापड जास्त का आहे?"

"तू म्हणालीस ना, खचतो," मास्तर म्हणाले. "तू सांगितलेल्या पानावर मला आधी पटलं नव्हतं. मग पुन्हा वाचलं. तिथेच खचला. मागची उंची वाढवली."

ती माझ्याकडे वळली. झग्याचं अस्तर बघता बघता तिला तो एवढासा खिसा सापडला. "आणि हा?"

"काडेपेटीचा. तिचा नवरा तेल घेऊन आला तर दिवा लावायला काडी लागेल. ऐन वेळी तिने शोधत बसू नये."

इतके दिवस तो खिसा माझ्या अंगावर होता. मी दुसरीकडे बघू लागले. औषधवाल्याने नाक शिंकरलं.

लेक टेबलाला टेकली. "बाबा, मग हे शेवटचं का अडलंय?"

मास्तरांनी सगळं सांगितलं, आरसा नाही, हाक नाही, एक शब्द नाही. ती म्हणाली, "तो कसा आहे ते मुद्दामच सांगितलेलं नाही. जो वाचेल त्याने तिथे उभं राहायचं."

"म्हणजे ट्रायलला कोण?"

"तूच."

"माझं माप नाही."

"मग घे."

"शिंप्याला स्वतःचं माप घेता येत नाही, पोरी. हात वर केला की खांदा सरकतो. माझं तुझी आई घ्यायची."

"आणि हा शर्ट?"

"तिने घेतलेल्या शेवटच्या मापाचा. तोच कागद ठेवलाय, त्यावरूनच बेततो."

मी त्या शर्टाला काय काय बोलले होते ते मला आठवलं आणि स्वतःची लाज वाटली.

लेकीने वडिलांच्या गळ्यातली टेप काढून घेतली. इतकी वर्षं दुकानात वाढलेली, पण तिने ती कधी हातात घेतली नव्हती. माप घेणं आईचं, कापणं बापाचं. मास्तर समोर बघत ताठ उभे राहिले आणि सूचना देऊ लागले. मानेपासून नाही, खांद्याच्या हाडापासून. ओढू नको. सैल सोडू नको. तिने आकडा वाचला.

"चूक, एवढा कमी नाही," मास्तर म्हणाले. "पुन्हा घे."

तिने पुन्हा घेतलं. आकडा तोच.

"टेप उलटी धरली असशील."

"सुलटीच आहे, बाबा."

"मग हाड चुकलं."

तिने बोटाने हाड चाचपलं आणि तिसऱ्यांदा माप घेतलं. आकडा तोच. औषधवाला काहीतरी बोलणार होता, मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने झगा सावरला आणि गप्प बसला.

"आता छाती," मास्तर हळूच म्हणाले. "दोन बोटं आत ठेव. श्वासाला जागा लागते."

छातीसाठी तिला दोन्ही हात त्यांच्या पाठीमागून फिरवावे लागले. टेपची टोकं जुळली. तिने हात काढले नाहीत. त्या ढगळ शर्टात मास्तर आणखीच लहान दिसत होते आणि तिचं कपाळ त्यांच्या खांद्यापाशी टेकलं होतं.

"किती?" मास्तरांनी विचारलं.

"थांब ना. घेतेय."

आम्ही तिघंही रस्त्याकडे बघत बसलो. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.

शेवटी तिने मापाची चिठ्ठी लिहिली आणि कापडावरून दोघांची जुंपली. मास्तर म्हणाले, करडं. ती म्हणाली, छे, तो माणूस दिवसभर उन्हाकडे तोंड करून बसतो, त्याचे कपडे विटलेले असणार, फिकट तपकिरी घे. मास्तर म्हणाले, कुठल्या पानावर ऊन आहे ते दाखव. तिने दाखवलं. ते दुपारचं ऊन आहे, मास्तर म्हणाले, दुपारच्या उन्हाने कापड विटत नाही, पिवळं पडतं. एजंटाने करड्याची बाजू घेतली आणि लगेच सोडली. चहावर साय धरली. माझं पुस्तक त्या दोघांच्या मधे उघडं पडलं होतं, आणि त्यावर खडू सांडत होता, आणि मी काही बोलले नाही.

फिकट तपकिरी ठरलं. मास्तरांनी कापड टेबलावर पसरलं आणि खडू हातात घेतला. लेकीने घड्याळाकडे पाहिलं. "बाबा, माझी उद्या सकाळची गाडी आहे. ट्रायल कधी?"

मास्तरांनी खांद्याची रेघ ओढली. मान वर केली नाही.

"परवा," ते म्हणाले.

विमा एजंट बाकावर सरकून बसला आणि त्याने तिला शेजारी जागा करून दिली. ती त्याच दुकानात वाढलेली पोरगी. तिने खांद्यावरची बॅग उतरवली आणि बाकाखाली पार आतपर्यंत सरकवून ठेवली.